गीझर आणि आमचे व्याही

आमच्या व्याह्यांच्या हातात टेस्टर आला, की घरातल्या एकाही भिंतीची खैर नाही. हे मी भिंगारच्या भर बाजारात उभी राहून सांगेन. पण सांगता येत नाही, कारण ते मुलाचे वडील आणि मी मुलीची आई. जन्मभर कोपरगावकडच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या मोजल्या, निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी वायरमन झाले. कोणी नेमलं, देव जाणे. लोक खिशाला पेन लावतात, हे टेस्टर लावतात. साखरपुड्यात गुरुजी मंत्र म्हणत होते आणि आमचा पंखा जरा कुरकुरला. झालं, व्याही उठले ते स्विचबोर्ड उघडूनच बसले. माझ्या लेकीची ओटी बायकांनी पदराने वारा घेत भरली. वर आमच्या ह्यांना म्हणतात, "रेग्युलेटर गेल्ता. बरं झालं मी हुतो." तो पंखा त्यानंतर फिरला नाही.

मग लेक बाळंतपणाला माहेरी आली, नात झाली. दोघी दवाखान्यातून घरी यायच्या आदल्या दिवशी न्हाणीघरातल्या नळाला हात लावला, तर झिणझिण्या. थंडी मी म्हणत होती, लेकरू चार दिवसांचं, आणि नळात करंट. गॅसवर पाणी तापवावं म्हटलं, तर बादली त्याच नळाखाली भरायची. मी वायरमनला फोन लावत होते, तेवढ्यात नातीला बघायला आलेल्या व्याह्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाले, "बाहेरचा मानूस कशाला? घरचं मानूस हाय की. गीझर फुटलाय आतून. नवा आना." आमचे हे मुकाट्याने जाऊन नवा गीझर घेऊन आले. नाही म्हणायची सोय होती का?

मेन स्विच बंद केलेला असतानाही व्याह्यांना पायाखाली लाकूड लागतं. त्यांनी देवघरासमोरचा माझा चांदीच्या फुलांचा पाट उचलला आणि त्यावर उभे राहिले. मी म्हटलं, "फुलं चांदीची आहेत." तर म्हणाले, "विहीणबाई, चांदीचं मी बघतो." नवा गीझर भिंतीवर चढला, मेन चालू केला, नळाला हात लावला, तर झिणझिण्या होत्या तशाच. कोणी दुसरा असता तर ओशाळला असता. व्याही म्हणाले, "मंग तुमच्या वायरिंगची खोड हाय." आणि दुपारपर्यंत घरातला एकूण एक बोर्ड उघडा पडला. माझ्या डोक्यात नुसती सणक गेली होती.

शेवटी त्यांनी होल्डरला बल्ब लावून दोन तारा काढल्या. एक फेजला, दुसरी न्यूट्रलला लावली, बल्ब लख्ख पेटला. दुसरी काढून अर्थिंगला लावली, तर पेटायचं नाव नाही. "अर्थिंग मेलंय. जुना गीझरबी चांगलाच हुता," ते अगदी सहज म्हणाले. "तुमच्या वॉशिंग मशीनमधनं हल्ली थोडा करंट सुटायला लागलाय. त्याला जमिनीत जायला वाट न्हाई, म्हनून तो नळात येतोय. अर्थिंगचा खड्डा कुठं हाय?"

ह्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. मुलीकडच्यांनी व्याह्यांना उलटून बोलायचं नसतं, हे मलाही कळतं. पण उद्या माझी लेक ओली बाळंतीण येणार, तान्हं लेकरू येणार, आणि मी रीत सांभाळत बसू? म्हटलं, "तुमच्या मानपानाखाली गाडलाय. लग्नाआधी तुमचा निरोप आला होता, मांडवात पाहुण्यांच्या पायाला माती लागता कामा नये. म्हणून अंगणभर फरशी घातली. खड्डा तिच्याखाली आहे."

व्याही अंगणात गेले, पहार मागून घेतली आणि फरशी फोडायला लागले. ह्यांनी पहार घ्यायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. खाली कोरडीठाक माती आणि गवंड्याच्या घावाने तुटलेली तार निघाली. ती जोडली, मीठ-कोळसा घातला, पाणी ओतलं, परत बल्ब लावून बघितला. तो पेटला तरी माझ्याकडे बघितलं नाही. मी ठेवलेला चहा पायरीवर निवून गेला.

दुसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आल्या. न्हाऊ घालणारी बाई नातीला पायावर घेऊन बसली, आणि व्याही दारात येऊन म्हणाले, "जरा थांबा." चपला काढल्या, ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहिले आणि गीझर चालू ठेवून एका हाताने नळ धरला, दुसरा धारेखाली. पाणी कढत झालं, हात लाल झाला, तरी काढेनात. मी म्हटलं, "अहो, पोळेल. काढा आता." ते हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. काय असंल ते तिच्या आधी मला कळू द्या."

आता लेक आणि नात कोपरगावला गेल्या. अंगणात फरशी फुटलेलीच आहे, जाता-येता ठेच लागते आणि मी व्याह्यांच्या नावाने बोटं मोडते. ह्यांनी दोनदा गवंडी बोलावला. दोन्ही वेळा मीच त्याला चहा पाजून परत पाठवला.