भीती घेऊन झाशीला

लेक रूथ झाशीला नर्सिंग शिकते. वर्ष होत आलं, तरी मी एकदाही गेले नव्हते. एकटीने गाडीत बसायच्या विचारानेच छाती धडधडते, हातपाय गार पडतात. डॉक्टर याला पॅनिक म्हणतात, आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका विश्वासाची कमतरता. रूथ फोनवर म्हणाली, "तू नको येऊस आई, तुला झेपायचं नाही." ते फार लागलं. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून एकटीचंच तिकीट काढलं.

नगरहून थेट गाडी आहे. खालचा बर्थ मागा. मनमाडलाच माझा धीर सुटला, उतरून परत फिरावंसं वाटलं. प्रार्थना करायला डोळे मिटले की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. आणि डोळे मिटल्याशिवाय प्रार्थना कसली, ही लहानपणापासूनची शिस्त! भोपाळपर्यंत ना धड झोप, ना धड प्रार्थना. दशम्याही तशाच राहिल्या.

झाशी स्टेशनबाहेर ऑटोवाल्याने माझा चेहरा बघितला. "घबराओ नईं जिज्जी, पौंचा दैहैं." घाबरू नका ताई, पोचवतो, असं. शेअर ऑटो स्वस्त पडते, पण माझ्यासारख्या भित्रीने अख्खी करावी.

रूथने दतिया गेटच्या बाजारात गरम कचोरी खाऊ घातली. स्वतः मात्र अर्धीच खाल्ली. बारीक झाली होती. विचारलं तर "मेसचं जेवण गं" म्हणून मोकळी.

रविवारी तिच्या चर्चमध्ये गेलो. हिंदी उपासना संपल्यावर एका बाईंनी मायेने विचारलं, "बहन जी, प्रार्थना की कोई विनती?" मी भोळेपणाने खरं ते सांगितलं. झालं! बायकांनी भोवती कोंडाळं केलं, डोक्यावर, खांद्यावर हात ठेवले आणि सगळ्या एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. मला श्वास मिळेना. आता लेकीदेखत इथेच मरणार, एवढंच वाटत होतं.

"आंटी जी, हाथ हटाइए, प्लीज!" रूथ आत घुसली. मला ओढत बाहेर पायऱ्यांवर आणलं. "आई, डोळे उघड. त्या झाडाकडे बघ आणि हळूहळू प्रार्थना म्हण. मी पण अशीच म्हणते."

"तू?"

"वॉर्डात जायच्या आधी मला पण असंच होतं. हॉस्टेलच्या जिन्यात बसून राहते. तू आलीस की तुला कळणार, म्हणून नको म्हणत होते."

माझी स्वतःची भीती त्यापुढे काहीच नव्हती. पोरगी वर्षभर एकटी हे सोसत होती. दोघींनी उघड्या डोळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. ती मध्येच हिंदीत शिरली, मी मराठीतच राहिले. सोमवारी तिला डॉक्टरांकडे नेलं. तुम्हालाही असं होत असेल तर दाखवून घ्या, आणि गोळ्या सुरू असतील तर देवाच्या नावावर बंद करू नका.

परतीच्या गाडीतही धडधडलं. नगरला मंडळीत पाळकसाहेबांनी देवाने काय केलं याची साक्ष द्यायला उभं केलं. सगळे 'हालेलूया' म्हणायच्या तयारीत.

"भीती गेलेली नाही," मी म्हणाले. "नाताळाआधी पुन्हा जाणार आहे."

पाळकसाहेब पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. मी खाली बसले.