वाल्मीकआबांनी दुर्बीण घेतली

भुकूममधल्या आमच्या शिखरदीप सोसायटीत गेल्या पावसाळ्याच्या शेवटी बातमी पसरली, की शेजारच्या रानातले वाल्मीकआबा दिवस मावळताना राखणीच्या माळ्यावर बसून दुर्बिणीतून आमच्या गॅलऱ्या बघतात. वय वर्षं अडुसष्ट. तिसऱ्या मजल्यावरच्या मेधाताईंनी ग्रुपवर तसं लिहिलं आणि पाच मिनिटांत आख्ख्या इमारतीचे पडदे सरकले. एकाने तर "मला फार दिवसांपासून शंका होती" असंही लिहिलं. तो आदल्याच आठवड्यात राहायला आला होता.

तर खरं काय ते सांगतो. दुर्बीण होती. ती आमच्याकडे रोखलेलीही होती. पण आबा गॅलऱ्या बघत नव्हते, ते आमच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं वाचत होते. अंधार पडत जाताना 'शिखरदीप'मधला 'ख' कुठवर ओळखू येतो, याची परीक्षा चालली होती. आणि ती दुर्बीण बंदुकीवर बसवायची होती. हे शेवटचं वाक्य मी ग्रुपवर लिहिलं नाही. नुसत्या पडद्यांवर भागलं नसतं.

आबांची ओळख करून द्यायला हवी. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांचीच होती. पलीकडची सोसायटीही. मधे राहिलंय ते तीस गुंठ्यांचं भातखाचर, दोन बाजूंना दोन सोसायट्यांच्या भिंती, तिसऱ्या बाजूला रस्ता आणि चौथीला डोंगर. आबांच्या चाळीत आयटीतली पोरं भाड्याने राहतात, म्हणजे पोटासाठी भात पिकवायची गरज त्यांना नाही. पण जून लागला की आबा गुडघाभर चिखलात. मी इथं येऊन बारा वर्षं झाली, तरी ते मला 'पावणं'च म्हणतात. एकदा विचारलं, "आबा, अजून किती वर्षं पाहुणा?" तर म्हणाले, "तुमी घर घेतलं व्हय? मला वाटलं वर हवेत खोली घेतलीया."

डोंगरातून रानडुकरं उतरतात. भात लोंबीला आला की एका रात्रीत नांगरल्यासारखं खाचर करून ठेवतात. मागच्या वर्षी आबांच्या हाती जेमतेम सहा पोती लागली. त्यावर त्यांचा मुलगा शेखर, ज्याचं रस्त्यावर प्लॉटिंगचं ऑफिस आहे, गणपतीत सगळ्यांसमोर म्हणाला, "आबा, यंदा पंधरा पोती आली तर मी रानाचं नाव काढणार न्हाई. त्याच्या आत आली, तर तुमी विक्रीच्या कागदावर सही करायची. डुकरांसाठी किती दिवस शेती करायची?"

आबांनी मोदक तोंडात होता तसाच हो म्हटलं. नंतर मला वाटतं त्यांना तो मोदक गिळायला जड गेला.

आता आबांकडे वडिलांपासूनची रायफल आहे. पीकसंरक्षणाचा परवाना आहे, दर खेपेला नूतनीकरण केलेला आहे, वनखात्याची परवानगी आहे: फक्त रानडुक्कर, आणि तेही रानात शिरलेलं. सगळं रीतसर. त्या रायफलीने आबांनी गेल्या सात वर्षांत किती डुकरं मारली? एकही नाही. गावात यावरून त्यांची पुष्कळ थट्टा होते. मी त्यात मागे नसतो. डुकरं आबांना राखी बांधतात, ही माझीच.

पण त्यामागे कारण आहे. रात्रीच्या राखणीची त्यांच्या घरची रीत अशी, की बंदूक आबांच्या हातात आणि बॅटरी तुळजामावशींच्या. मावशी म्हणजे आबांची बायको. चाळीस वर्षं दोघं त्याच माळ्यावर बसतायत. बॅटरी केव्हा लावायची ते मावशी ठरवतात, घोडा केव्हा दाबायचा ते आबा. आणि आबांचा नियम एकच: वळखल्याबिगर घोडा दाबायचा नाही. कुत्र्या-मांजराचा डोळा बॅटरीत चमकतो, डुकराचा धड चमकत नाही, त्यामुळे नुसता काळा गोळा दिसतो. मागच्या वर्षी असाच एक काळा गोळा बांधाला पाठमोरा उभा राहिला. मावशींनी उजेड धरला, आबांनी नेम धरला, आणि तो गोळा शिंकला. दूधवाल्या भिकूचं दावं तोडून आलेलं रेडकू होतं ते. भिकू अजून आबांच्या घरी दूध घालताना मापाच्या वर थोडं जास्त घालतो.

"डोळं दगा द्यायला लागल्यात," गणपतीनंतर आबा मला म्हणाले. "पावणं, बंदुकीवर बसवायची दुर्बीण असती म्हणं. तुमाला इंग्रजी येतंय. चला."

असे आम्ही तिघं माझ्या गाडीतून पुण्यात कॅम्पात गेलो. मावशी कशाला, असं आबा म्हणाले. "बॅटरी कोण धरनार हाय, तुमचा पावना?" मावशी म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या.

दुकानदार दयानंदशेठ म्हातारा माणूस. त्याने आधी परवाना उलटसुलट पाहिला, मग काचेवर पाच-सहा दुर्बिणी मांडल्या. आबांनी बैलबाजारात बसल्यासारखी मांडी घातली. एकेक उचलून वजन पाहिलं, भिंगावर फुंकर घातली, नळीवर बोटाने टकटक केली. दात बघायचे तेवढे राहिले. मग सगळ्यांत लांब, सगळ्यांत जाड अशी एक उचलली. चोवीसपट मोठं दाखवणारी. ती डोळ्याला लावून दारातून रस्त्यापलीकडे पाहिलं आणि आबा जे खुश झाले!

"पावणं, त्या चहावाल्याच्या मिशीला बिस्किटाचा चुरा हाय!"

मी पाहिलं. होता.

"हीच द्या," आबा म्हणाले. "ह्याच्यातनं डुकराच्या मिशासुदिक मोजीन."

दयानंदशेठ हळूच म्हणाले, "काका, रात्री बॅटरीवर ही चालायची नाही. जितकं मोठं दाखवेल तितका उजेड कमी, आणि दिसणारा तुकडाही लहान." आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू खिल्लारी बैल मागितल्यावर त्यांनी शेळी दाखवली. त्यांना वाटलं, शेठला स्वस्तातला माल खपवायचाय. खरं म्हणजे शेठ महागातली सोडून द्यायला सांगत होते. पण आबांचा बाजाराचा अनुभव असा, की विकणारा जे नको म्हणतो तेच घ्यावं.

वाद वाढला असता. पण मावशींनी पिशवीतून आपली बॅटरी काढली. "शेठ, मागं अंधाराची खोली हाय का?"

मागे गोदाम होतं, बोळासारखं लांबलचक. मावशी टोकाला जाऊन उभ्या राहिल्या, दिवा बंद केला, आणि पोत्यांच्या थप्पीवर बॅटरी टाकली. आबांनी चोवीसपटवाली डोळ्याला लावली.

"बॅटरी लाव की."

"लावलीया."

"कुटं?"

"तुमच्या म्होरं!"

आबा दुर्बीण डावीकडे नेतायत, उजवीकडे नेतायत, वर छताला लावतायत. उजेड गोदामात आणि आबा अंधारात. दुर्बीण इतका लहान तुकडा दाखवत होती, की मावशींच्या उजेडाशी तिची गाठच पडेना. आणि एकदा पडली तेव्हा आबांना गोणपाटाचा एक धागा दिसला, सुतळीएवढा. "हे काय जनावर हाय?" म्हणाले.

मग शेठनी दुसरी दिली. बुटकी, पुढचं भिंग बशीसारखं रुंद, आणि मोठं करून दाखवायची ती जेमतेम चारपट. तिच्यातून मावशींच्या उजेडाचं आख्खं वर्तुळ दिसलं, थप्पी दिसली, थप्पीवरची घूसही दिसली. आबांनी घूस लगेच ओळखली, पण तोंड पाडून. सगळ्यांत मोठी सोडून बुटकी घ्यायची म्हणजे कमीपणाच. गाडीत दुर्बिणीचं खोकं मांडीवर घेऊन बसले. भुकूम जवळ आल्यावर म्हणाले, "चहावाल्याची मिशी मात्र झ्याक दिसत व्हती."

टाकीवरची अक्षरं वाचण्याचा उद्योग झाला तो त्यानंतर, आणि बातमीही त्यानंतरची. शेठच्या ओळखीच्या एका जाणत्याने नेमबाजीच्या रेंजवर नेऊन दुर्बीण रायफलीवर नीट बसवून, नेम जुळवून दिली. आबांनी ती घरी आणून कपाटात कुलूप लावून ठेवली. भात लोंबीला आला होता. रान सोन्यासारखं झालं होतं आणि शेखर रोज संध्याकाळी बांधावर उभा राहून डोंगराकडे बघायचा. तो कोणाची वाट बघत होता, ते मी लिहीत नाही.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी घरातली हत्यारं पुजतात. कोयता, विळा, पहार, शेखरच्या मोटारीची चावी, आणि पाटावर मधोमध रायफल. मावशींनी सगळ्यांना हळदीकुंकू वाहिलं. दुर्बिणीच्या दोन्ही टोकांना रबरी झाकणं होती. मावशींना ते बरं दिसलं नाही. देवाचे डोळे झाकून पूजा कशी करायची? त्यांनी झाकणं उघडली, बोट पाण्यात बुडवलं आणि दोन्ही भिंगांना मधोमध हळदीकुंकवाचं बोट लावलं. चांगलं दाबून. मग झाकणं परत लावली, आता देवाला झोप लागू दे म्हणून.

त्याच रात्री डुकरं उतरली.

मी गॅलरीतून पाहत होतो. पडदा सरकवून, हो. रानात आधी खसखस झाली, मग मावशींची बॅटरी लागली, आणि मी कानात बोटं घातली. एक क्षण गेला, दोन गेले. आवाज नाही. मी बोटं काढली, तेवढ्यात माळ्यावरून आबांचा घाबरलेला स्वर आला:

"तुळजे, डुकराच्या कपाळाला कुंकू हाय गं!"

"आं?"

"दिसतंय तुला? भलं मोठं तांबडं कुंकू! ह्यो काय प्रकार हाय? कुनाचं देवाला सोडलेलं असंल. म्या न्हाई मारायचा."

मावशी काय ते समजल्या. पण हे बोलायची ती वेळ नव्हती. त्यांनी बॅटरी आबांच्या हातात कोंबली, खाली उतरल्या आणि ताट-पळी बडवत, डुकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बांधावरून धावल्या. कळप उधळला. आबांच्या हातात बॅटरी अशी पहिल्यांदाच आली होती. ते उजेड डुकरांच्या मागोमाग नेत राहिले. आणि त्या उजेडात, बिनदुर्बिणीचं, त्यांना एक दिसलं. कळप डोंगराकडे पळाला नाही. तो आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीकडे पळाला.

दुसऱ्या दिवशी मावशींनी मऊ फडक्याने भिंगं पुसली. आबांनी दिवसभर टोमणे मारले आणि दुर्बीण बंदुकीवरून काढून ठेवली. त्यापुढचे चार दिवस ते संध्याकाळी माळ्यावर बसून फक्त दुर्बिणीतून बघत होते. पुन्हा आमच्याकडेच. मेधाताईंनी पुन्हा ग्रुपवर लिहिलं.

पाचव्या दिवशी आबा सोसायटीच्या ऑफिसात आले. तक्रार घेऊन आलेल्या मेधाताई तिथंच होत्या, मीही होतो. आमचे सेक्रेटरी बंडोपंत खुर्चीतून उठले, कारण त्यांना वाटलं माफी मागायला आलेत. आबांनी बसूनही न घेता सांगितलं, की तुमच्या मागच्या भिंतीला खालून भगदाड पडलंय, आणि भगदाडाच्या ह्या अंगाला तुमच्या घरोघरचं खरकटं साठतंय. ओल्या कचऱ्याचं यंत्र बंद पडल्यापासून लोक ते गुपचूप भिंतीआड ओततात. डुकरं आधी तितं जेवतात आणि मग मुखशुद्धीला माझ्या भातात येतात.

"कोण ओततं?" बंडोपंतांनी कडक आवाजात विचारलं.

आबांनी एकेकाची खूण सांगायला सुरुवात केली. लाल टब, तिसरा मजला. पांढरी पिशवी, दुसरा जिना. मेधाताई खाली बघायला लागल्या. "आन निळी बादली," आबा म्हणाले आणि थांबले. माझ्याकडे बघितलं नाही. निळी बादली कोणाची, हे विचारायची गरज बंडोपंतांना पडली नाही, कारण मी तेव्हाच खिडकीबाहेरचं झाड पाहायला लागलो होतो.

भगदाड दोन दिवसांत बुजलं. यंत्र दुरुस्त झालं. डुकरं तीन रात्री भिंतीशी हुंगत फिरली, मावशींची बॅटरी आणि ताट-पळी त्यांच्या मागे होतीच, आणि मग ती दुसरीकडे गेली. दिवाळीनंतर आबांची मळणी झाली. मी मुद्दाम खळ्यावर गेलो, मोजायला. शेखरही आला होता. सतरा पोती भरली. शेखरने खिशातला कागद बाहेर न काढताच पुन्हा एकदा पोती मोजली, मग सोळावं पोतं स्वतः उचलून ट्रॅक्टरमध्ये टाकलं. आबांनी टोपी काढून झटकली आणि परत घातली.

मला मात्र राहवेना. मी म्हटलं, "आबा, रान राहिलं, बरं झालं. पण एवढी कॅम्पातून दुर्बीण आणली, पूजा झाली, सगळ्या सोसायटीचे पडदे लावले, आणि शेवटी एक गोळी तरी लागली का कुणाला?"

आबांनी एका पिशवीत नवा भात भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "लागली की. तुमच्या निळ्या बादलीला."