बोर्डाच्या डाव्या बाजूला

माणसं क्षमा करून मोठी होतात म्हणे. मी डूख धरून मोठी झाले. चौदाव्या वर्षी एका माणसाने मला भरल्या हॉलमध्ये भित्री म्हटलं. तो शब्द त्याच्या पदरात परत घालायचा, एवढं एक मनात ठेवून मी खेळाची शिक्षिका झाले, वर्ध्यात नोकरी धरली आणि सेवाग्राम रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या हॉलमध्ये संध्याकाळी मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवायला लागले. लोकांना वाटतं, बाईंना खेळाचं वेड आहे. असेलही. पण मूळ वेड ते नव्हे.

तो माणूस म्हणजे पुलगावचे आमचे सर. तेव्हा व्हॉल्टला आजच्यासारखं रुंद टेबल नव्हतं, चामड्याचा घोडा होता. पंचवीस पावलं धावत यायचं, स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय आपटायचे, घोड्यावर हात टेकून उलटायचं आणि पलीकडे पायांवर उभं राहायचं. सर बोर्डाच्या डाव्या बाजूला उभे असायचे, हात पुढे काढून. आम्ही उलटलो की तो हात पाठीला लागायचा आणि आम्ही अलगद पलीकडे. दोन वर्षं मी तशी उड्या मारत होते. सर म्हणायचे, पोरगी नाव काढणार.

मग नागपूरला विभागीय स्पर्धा झाली. बाबा मिलमध्ये फिटर होते. ते रजा टाकून, नवी पॅन्ट घालून आले होते. माझं नाव पुकारलं, मी धावले आणि बोर्डाजवळ थांबले. का थांबले, मला कळलं नाही. दुसरी संधी दिली. पुन्हा धावले, घोड्यावर दोन्ही हात टेकले आणि तशीच उभी राहिले, गोठ्याच्या दाराशी अडलेल्या वासरासारखी. शून्य मिळालं. सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भित्री हाय ही. दोन वर्षं वाया गेले माहे हिच्यावर."

बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण पुलगावला उतरल्यावर स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडताना त्यांनी माझा हात धरला. दुसऱ्या दिवशी बाजारात जातानाही धरला. त्याआधी मी सायकलवरून एकटी शाळेत जात होते. पुढे मी कॉलेजला गेले, नोकरीला लागले, तरी रस्ता आला की बाबांचा हात माझ्या हाताकडे यायचा. ते गेले तेव्हा मी पस्तिशीची होते, आणि त्यांच्या मनात मी अजूनही घोड्यासमोर उभीच होते. याचा राग मी सरांवर धरला. बाबांवर कसा धरणार?

गेल्या वर्षी पोळा झाल्यावर आठ-दहा दिवसांनी हॉलच्या दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. सोबत बारा वर्षांची मुलगी. गृहस्थांनी आधी उकाड्याची चौकशी केली, मग पत्र्याची, मग हॉलचं बांधकाम कोणत्या साली झालं त्याची. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही रीत मला चांगली ठाऊक होती. केस गेले होते, गुडघे वाकले होते, पण आवाज सरांचाच होता. त्यांनी मला ओळखल्याचं काही दाखवलं नाही.

"नात हाय माही," ते शेवटी म्हणाले. "आई दवाखान्यात नर्स हाय, इथंच सेवाग्रामले. बाकी सगळं चांगलं करते पोरगी, पण व्हॉल्टले अडते. दोन स्पर्धा गेल्या. आई म्हणते, यंदा निवड नाई झाली तं बंद करा हे, शिकवणी लावू. तुमी पाहता का जरा, मॅडम?"

मॅडम. मी तो शब्द दोनदा मनात घोळवला. मग म्हटलं, "पाहते नं सर. काऊन नाई?"

पोरीला धावायला लावलं. धाव अशी सुरेख की मी उठून उभी राहिले. खांदे सैल, गुडघे वर, वेग चढत जाणारा. आणि बोर्ड तीन पावलांवर आल्यावर सगळं मोडलं. पावलं आखडली, ती टेबलावर हात टेकून थांबली आणि खाली मान घालून परत आली. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा मी टेबलाच्या बाजूला जाऊन फक्त तिचे डोळे पाहिले. शेवटच्या तीन पावलांत ते टेबलावर नव्हते. ते डावीकडे, बोर्डाच्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे गेले होते.

"तिकडं काय पाहून राह्यली?" मी विचारलं.

"काई नाई, मॅडम."

"सर," मी म्हटलं, "जरा तिथं उभे राहा बरं. तिकडं सराव घेता तेव्हा राहता, तसे."

सर लंगडत गेले आणि बोर्डाच्या डाव्या बाजूला हात पुढे काढून उभे राहिले. पोरगी धावली आणि टेबलावरून पाण्यासारखी पलीकडे गेली.

मी खाली बसले. स्पर्धेत त्या जागी कोणी उभं राहायचं नसतं. मी पंचवीस वर्षं स्वतःच्या काळजात ज्या भित्रीला शोधत होते, ती तिथे नव्हतीच. तिथे एक हात होता. तो हात आम्हाला उडी शिकवतच नव्हता, हाताची वाट पाहायला शिकवत होता. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, त्या पोरीचे डोळे मघापासून भरलेले होते आणि मला पेढे वाटावेसे वाटत होते. सापडलात सर, मी मनात म्हटलं. आता तुमचीच नात तुमच्या हाताशिवाय उडेल, आणि तुम्ही नुसतं बघाल.

दुसऱ्या दिवशी मी गोड आवाजात सांगितलं, "आत लय उकडते सर. तुमी बाहेर बसा." कडुलिंबाखाली लोखंडी खुर्ची टाकली. तिची जागा मीच ठरवली होती. तिथून आतलं काही दिसत नाही, पण लाकडी फळ्यांवरची पावलं नीट ऐकू येतात. धाव सुरू झाली की कळतं, थांबली की त्याहून जास्त कळतं.

आणि मग मी चार दिवस पाप केलं. अशा मुलीला आधी टेबलापासून दूर नेतात, नुसता बोर्ड आणि समोर गाद्यांचा ढीग देतात, हे मला पहिल्या वर्षीच्या प्रशिक्षणापासून माहीत आहे. मी ते केलं नाही. मी तिला पूर्ण उंचीच्या टेबलावरच धाववलं. ती थांबायची. बाहेरून खोकला यायचा. पुन्हा धाववलं, पुन्हा थांबली, पुन्हा खोकला. तो खोकला मी कान देऊन ऐकायचे. बसा, ऐका. माझे बाबा असंच ऐकत होते, नवी पॅन्ट घालून.

चौथ्या दिवशी पोरगी परत चालत आली, हाताचा खडू पुसला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मॅडम, मी भित्री हाय का?"

हा शब्द तिला कोणी दिला, हे विचारायची गरज नव्हती. पण या चार दिवसांत तो तिच्या गळ्यात घट्ट बसवला होता तो मी. सूड घ्यायचा तर ज्याचा त्याच्यावर घ्यावा. मी आजोबांवर नेम धरला होता आणि खडे लागत होते नातीला. सरांमध्ये आणि माझ्यात तेवढ्यापुरता काही फरक राहिला नव्हता, आणि हे कबूल करताना मला अजूनही त्यांचाच राग येतो.

"नाई," मी म्हटलं. "तू पाहतेस चुकीच्या जागी. तेवढंच हाय. उद्यापासून टेबल बंद."

मग खरं काम सुरू केलं. टेबल कोपऱ्यात ढकललं. गाद्या आमच्याकडे जुन्या, पिंजाऱ्याकडून पुन्हा कापूस भरून घेतलेल्या, मधूनच गाठी आलेल्या. त्या कमरेएवढ्या रचल्या. पोरीला बोर्डापासून उलट दिशेला पळायला लावलं आणि तिचं पंचविसावं पाऊल जिथे पडलं तिथे खडूची रेघ मारली. तिथूनच धाव सुरू करायची. म्हणजे पावलं मोजावी लागत नाहीत, बोर्ड आपोआप पायाखाली येतो. आठवडाभर एवढंच. धाव, एका पायावरून झेप, दोन्ही पाय बोर्डावर, गाद्यांवर धप्प. मग गाद्या वाढवल्या. मग त्यांवर हात टेकून उलटायचं, कोपरं न वाकवता, खांद्यातून ढकलून. मी दूर, धावेच्या सुरुवातीला उभी. बोर्डाजवळ कोणीही नाही.

टेबल परत आणलं तेव्हा नजर पुन्हा डावीकडे जायला लागली. मी कपाळावरची टिकली काढली आणि टेबलाच्या पुढच्या कडेला चिकटवली. "इले पाहत ये. इच्यावरून डोळा हलला तं मले दुरून समजते." पोरीला हसू आलं. त्या दिवशी ती टेबलावर चढून बसली, पण थांबली नाही. दुसऱ्या दिवशी पाठीवर पडली. तिसऱ्या दिवशी पलीकडे गुडघ्यांवर आली आणि तशीच ओरडली, "मॅडम, मी टिकली पाहली!" बाहेर खुर्ची करकरली. सर उठले असावेत. मी दार उघडलं नाही.

दिवाळीआधी विभागीय निवड वर्ध्यातच होती. पोरीच्या आईला ड्यूटी होती, म्हणून प्रेक्षकांच्या बाकावर मी आणि सर असे दोघंच शेजारी बसलो. मी त्यांच्या डावीकडे. तिचं नाव पुकारलं. तिने खडूच्या रेघेवर पाय ठेवला, हात वर केला. आणि शेजारचे सर उठायला लागले. सवयीने. गुडघे साथ देत नव्हते, तरी उठायला लागले. सुंभ जळला तरी पीळ तोच.

मी त्यांचं मनगट धरलं. "बसा."

"मॅडम, पोरगी—"

"बसा म्हटलं नं."

पोरगी धावली. मी टेबल पाहिलं नाही, तिचे डोळे पाहिले. दहा पावलं, पाच, आणि ती शेवटची तीन. टेबलावर टिकली नव्हती, पण ती पाहत होती ती त्याच जागी. बोर्ड खणखणला, पाय वर गेले, सरळ, आणि ती पलीकडे दोन्ही पायांवर आली. एक पाऊल पुढे सरकलं, तेवढं चालतं. संघात शेवटची का होईना, जागा मिळणार हे मला तिथेच कळलं.

मी म्हटलं, "पाहलं का सर? हाताशिवाय."

सर म्हणाले, "तुह्या वेळंले पंचानं उठवलं होतं मले तिथून. तू धावली अन् मी जाग्यावर नव्हतो."

मॅडम नाही. तू. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं.

"त्याच दिवशी समजलं मले," ते म्हणाले. "पोरीची चूक नाई, माह्या सवयीची हाय. नातीचंही तसंच व्हायले लागलं, तं म्हटलं हे दुसऱ्या कोणाले नाई समजाचं. तुले समजंन. म्हून आणली."

"मग भित्री काऊन म्हणलं मले?"

"एवढे लोक पाहून राह्यले होते. मी सर होतो."

जे हत्यार मला दोन महिन्यांपूर्वी सापडलं म्हणून मी मिरवत होते, ते पंचवीस वर्षं त्यांच्या खिशात होतं. स्टेशनसमोर बाबांनी माझा हात धरला तेव्हा या माणसाला माहीत होतं. बाबा गेले तेव्हाही माहीत होतं. पुलगावात त्यांच्या घरापासून आमचं घर, चालत दहा मिनिटं. एकदा येऊन एक वाक्य बोलायचं होतं.

तेवढ्यात पोरगी धापा टाकत आली. "आबा, पाहलं का?"

"पाहलं त्याईनं," मी म्हटलं. "आता तुले काई सांगाचं हाय त्याईले. माह्याबद्दल."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनगट सोडलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला, तोच कडुलिंबाखालचा खोकला. "या मॅडम हायेत नं, या माह्याजवळ शिकत होत्या लहानपणी. याईले लोक भित्री म्हणत. त्या भित्र्या नव्हत्या."

"कोण लोक?" पोरीने विचारलं.

सरांची नजर हळूच डावीकडे वळली, माझ्याकडे. ती नजर मी ओळखते. शेवटच्या तीन पावलांतली आहे ती. कोणीतरी पाठीला हात लावावा आणि अलगद पलीकडे सोडावं.

मी त्यांचं मनगट सोडलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या टेबलाकडे पाहत बसले.

"सांगा नं आबा," पोरगी म्हणाली. "कोण म्हणे?"

मला काहीच घाई नव्हती.