परवान्याबाहेरचं बोलणं

माझी मावशी सरकारी दवाखान्यात वाचा-उपचार करायची. एक्स-रेची खोली आणि चादरींचं गोदाम यांच्या मधल्या अरुंद जागेत तिचं टेबल होतं. भिंतीवर मोठा आरसा, टेबलावर पिसं, फुगे, मेणबत्त्या आणि जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या. नवीन माणसाला वाटायचं, इथे कुणाचा तरी वाढदिवस आहे. त्या खोलीत तिनं अडखळणारी मुलं बोलती केली, घशाचं ऑपरेशन झालेल्यांना पुन्हा हाक मारायला शिकवलं, आणि काही महिन्यांनी त्यांच्याच घरच्यांच्या तोंडून "आता जरा गप्प बसायलाही शिकवा" हेही ऐकून घेतलं.

नियमांच्या बाबतीत ती फार कडक. ती नोकरीला लागली तेव्हा हा धंदा कुणीही करायचं. बाजारातला एक घड्याळजी गिऱ्हाइकाच्या कानामागे टाळी वाजवून बहिरेपणा ठरवायचा आणि घड्याळांच्याच कपाटातून कानाचं यंत्र काढून द्यायचा. आणखी एक गृहस्थ बोबड्या मुलांच्या जिभेखाली ब्लेड फिरवायचे. मावशीनं सह्या गोळा केल्या, पत्रं लिहिली, मंत्र्यांच्या दाराबाहेर तिष्ठत बसली. शेवटी कायदा झाला, नोंदणी मंडळ आलं, आणि परवान्याशिवाय कुणाच्या वाचेवर किंवा कानावर उपचार करणं गुन्हा ठरलं. घड्याळजीचं कपाट जप्त झालं त्या दिवशी तिनं अख्ख्या दवाखान्याला चहा पाजला.

निवृत्तीनंतर तिच्या बरोबरीच्यांनी आपापले परवाने चौकटीत घालून भिंतीवर लावले. हिनं स्वतःचा मंडळाला रजिस्टर पोस्टानं परत केला. "आता मी कुणाला तपासणार नाही," ती म्हणाली, "मग तो अडवून कशाला ठेवायचा?"

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, लिलाव पुकारायचे. बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रं, मोडकळीला आलेली कपाटं, बुडीत दुकानांचा माल, सगळं त्यांच्या आवाजावर खपायचं. तोंडाला खळ म्हणून नाही. दिवसभर लोकांना बोलतं करायचं आणि घरी आल्यावर एकाला थांबवत बसायचं, हे आपलं नशीब, असं मावशी म्हणायची.

एका सकाळी दाढी करताना काका अर्धांगाचा झटका येऊन न्हाणीघरात कोसळले. हात-पाय हळूहळू ताळ्यावर आले, पण वाचा गेली. उरला तो एकच शब्द: "अगं." चहा हवा असला तरी अगं, पंखा बंद करायचा असला तरी अगं, डोळ्यांत पाणी आलं तरी अगं.

दवाखान्यातली मावशीची जागा रिकामीच होती. तिच्या खोलीत आता चादरी आल्या होत्या. परवाना असलेली जवळची बाई म्हणजे मावशीचीच जुनी विद्यार्थिनी, आणि तिच्याकडे नंबर लागायला वर्ष गेलं असतं. या आजारात सुरुवातीचे महिने सर्वांत मोलाचे, हे मावशीपेक्षा कुणाला ठाऊक असणार? तिनं माळ्यावरून आरसा काढला, पुसला आणि काकांसमोर ठेवला. मग चित्रांची कार्डं: कप, पाणी, दार, खुर्ची. एकेक शब्द परत यायला लागला, रुसून गेलेल्या पाहुण्यासारखा, कुरकुरत.

समोरच्या बिऱ्हाडात एक विमा एजंट राहायचे. त्यांची मुलगी काकांना ताता म्हणायची आणि कपाला तप. एके दिवशी ते मुलीला घेऊन आले.

"तुमचं घरी चालूच आहे ना, त्यात हिलाही बसवा."

"मला परवानगी नाही हो," मावशी म्हणाली. "परवाना परत केलाय मी."

"मग यांचं कसं करता?"

"ते माझे यजमान आहेत."

विमावाले हसून गेले. आठवड्याभरात मंडळाकडे तक्रार गेली, की सदर बाई विनापरवाना उपचार करतात आणि तेही माणसं निवडून. मावशीनं नियम मोडला असता, तर तक्रार झालीच नसती. पाळला, म्हणून झाली.

चौकशीला निरीक्षक आले. अतिशय सभ्य माणूस. बूट दाराबाहेर काढून, खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी विचारलं, "या आरशाचा उपयोग काय?"

"तोंड बघायला."

"सकाळी तुम्ही यांना 'कप म्हणा, कप' असं म्हणालात. समोर ऐकू गेलं."

"त्यांना कप हवा होता."

"मग लगेच का नाही दिलात?"

मावशी पदरानं आरसा पुसायला लागली. निरीक्षकांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं आणि वाचून दाखवलं: दुसऱ्याच्या वाचेत सुधारणा व्हावी या हेतूनं केलेलं कोणतंही संभाषण म्हणजे उपचार. या हिशेबानं जगातली प्रत्येक आई आरोपी होती, पण मंडळाला ते कुणी कळवलं नव्हतं.

"ही व्याख्या मसुदा समितीत मीच सुचवली होती," मावशी खालच्या आवाजात म्हणाली.

"चांगली आहे," निरीक्षक म्हणाले. "पळवाट राहिलेली नाही."

सुनावणीची तारीख लागली. मावशीच्या ओळखीच्या एका वकिलांनी प्रकरण पाहून सांगितलं, "सोपं आहे. काकांना हजर करा आणि त्यांना काही बोलू देऊ नका. पेशंट मुका, म्हणजे उपचार झालेलाच नाही. त्यांनी एक जरी धड वाक्य म्हटलं, तरी तुमच्यावरचा आरोप सिद्ध."

एवढे महिने जिनं शब्दाशब्दासाठी जीव टाकला, तिला आता नवऱ्याला गप्प राहायची ताकीद द्यायची होती. आदल्या संध्याकाळी त्यांच्या शर्टाचं बटण शिवता शिवता तिनं विषय काढला. "उद्या काही विचारलं तरी बोलायचं नाही. ऐकताय ना?"

काकांनी बटण ओढून पाहिलं. मग "अगं" म्हणाले. त्या अगंचा अर्थ तिला लागला नाही. एरवी लागायचा.

मंडळाची खोली मोठी होती आणि घुमणारी. ज्यांच्या हाती लोकांचे कान आणि वाचा होती, त्यांच्याच खोलीत कुणाचं बोलणं कुणाला नीट ऐकू येत नव्हतं. अध्यक्ष आधी मत्स्यविभागात होते. बोलण्याशी त्यांचा तोवर फारसा संबंध आला नव्हता. एका बाजूला कानाचे सर्जन आणि दुसऱ्या बाजूला यंत्रांच्या कंपनीचे प्रतिनिधी. मी मावशीच्या मागे बसले होते.

अध्यक्षांनी काकांकडे वळून विचारलं, "तुमच्या पत्नी तुमच्यावर उपचार करतात का?"

काकांनी मावशीकडे पाहिलं. तिनं नाही अशी मान हलवली. काकांनी खुर्चीचा हात धरला आणि उभे राहिले. लिलावाला उभे राहायचे तसेच, छाती पुढे काढून.

"मला," ते म्हणाले. मग थांबले. कपाळावर शीर उठली. "मला... हिनं... शिकवलं."

वकिलांनी डोळे मिटून घेतले. झटक्यानंतरचं ते काकांचं पहिलं पूर्ण वाक्य होतं. मावशीला आपण कुठे आहोत याचं भान राहिलं नाही. ती पुढे झुकली, हात त्यांच्या गळ्याशी नेला आणि म्हणाली, "छान. परत म्हणा. श नीट उमटला नाही. शि-क-व-लं."

"हे नोंदवायचं का?" लेखनिकानं विचारलं.

"नोंदवा," अध्यक्ष म्हणाले. "मंडळाच्या समक्ष विनापरवाना उपचार."

तेव्हा कुठे मावशी भानावर आली, आणि तिचा सगळा राग निघाला तो काकांवर. "सांगितलं होतं ना तुम्हाला गप्प राहा म्हणून? आयुष्यात एकदा तरी माझं ऐकायचं."

"नाही... ऐकत," काका म्हणाले.

"काय नाही ऐकत?"

"तुझं."

"मग बसा आता. मला तुरुंगात घातलं की या डबा घेऊन."

"डबा... तूच... करून ठेव."

सर्जन इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. "अध्यक्षमहाराज," ते म्हणाले, "हे उपचार नाहीत. हे भांडण आहे. माझ्या घरीही असंच चालतं."

अध्यक्षांच्या घरीही चालत असावं. तिघं आत गेले आणि बऱ्याच वेळानं बाहेर आले. निकाल असा: बाईंना सक्त ताकीद. पती-पत्नींमधील नैसर्गिक स्वरूपाचा वाद अधिनियमाच्या कक्षेत येत नाही. मात्र अशा वादात आरसा, चित्रं, पिसं अथवा मेणबत्ती यांचा वापर करता येणार नाही.

मावशीनं आरसा माळ्यावर टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून कायदेशीर भांडायला सुरुवात केली. सकाळी वर्तमानपत्रावरून, दुपारी पंख्यावरून, संध्याकाळी खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून. मी गेले की मला दारातच खूण करायची, मधे पडू नकोस. ती मुद्दाम चुकीचं काहीतरी बोलायची आणि काका ते खोडून काढायला शब्द शोधायचे. चित्रांच्या कार्डांवर कधी न आलेले शब्द रागानं यायचे. "अडाणी" हा शब्द आला त्या दिवशी तिनं मला फोन करून सांगितलं.

पण तिनं मंडळाला नावं ठेवली नाहीत, कुणी ठेवली तर तिला खपतही नसे. "घड्याळजी विसरलास का?" ती माझ्या भावाला म्हणाली. "कायदा हवाच. व्याख्या तेवढी माझ्या हातून पसरट झाली." तिनं व्याख्येत घरच्या माणसांना वगळणारी दुरुस्ती लिहून पाठवली. मंडळाचं उत्तर आलं, की सूचना फक्त परवानाधारकांकडूनच स्वीकारल्या जातात.

मग ती परवान्यासाठी नव्यानं अर्ज करायला निघाली. परत केलेला परवाना पुन्हा हवा असेल तर लेखी परीक्षा द्यावी लागते. जिन्यात विमावाले भेटले. जरा ओशाळून त्यांनी विचारलं, "निकाल कधी लागेल?"

"लागला की मुलीला घेऊन या," मावशी म्हणाली. "तोवर बोबडं बोलली म्हणून रागावू नका तिच्यावर, एवढं करा."

सध्या दुपारी तिची तयारी चालते. प्रश्नांचं पुस्तक काकांच्या मांडीवर असतं. ते बोट ठेवून, अडखळत एकेक प्रश्न मोठ्यानं वाचतात आणि ती उत्तर देते. परवा मी गेले तेव्हा मेंदूच्या कुठल्याशा भागाचं नाव तिनं चुकीचं सांगितलं. काकांनी मागचं पान उलटून पाहिलं, पुन्हा एकदा खात्री करून घेतली, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चूक."