विकलेल्या वस्तूला कुलूप

अभियांत्रिकीला मी आणि माझा भागीदार एकाच वर्गात होतो. पुढे दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत, एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत कंपनी काढली. पुण्यात तेव्हा जो तो अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी राबत होता. आम्ही इथल्या प्रोग्रामर मंडळींसाठी एक सॉफ्टवेअर बनवलं. ते आपल्या प्रोग्रामला जोडलं की बिलं, पावत्या, दाखले नीट मराठीत छापता येत. जोडाक्षरं धड छापणं तेव्हा सोपं नव्हतं, त्यामुळे आमच्या सीडीला मागणी होती. ‘एकदा घ्या, कायमची तुमची’ हे खोक्यावरचं वाक्य माझं.

बरीच वर्षं बरं चाललं. मग माझ्या भागीदाराला एक गुंतवणूकदार भेटला.

“आता विकायचं नाही, भाड्याने द्यायचं,” तो म्हणाला. “वर्षाचे पैसे भरले तर चालेल, नाहीतर बंद.”

“नव्या लोकांना दे की. ज्यांनी विकत घेतलंय त्यांचं काय?”

“त्यांनाही भाड्यावर आणायचं. पुढच्या अपडेटमध्ये तू कुलूप टाक.”

मी साफ नाही म्हटलं. त्याने ते काम बाहेरून करून घेतलं आणि चुका दुरुस्त केल्यात असं सांगून अपडेट सगळ्यांना पाठवून दिलं. मला पत्ता नव्हता.

कळलं ते कॉलेजांच्या प्रवेशाच्या दिवसांत. वाघोलीच्या एका कॉलेजला फीच्या पावत्यांचं सॉफ्टवेअर करून देणारे गृहस्थ सकाळीच ऑफिसात आले. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला.

“मॅडम, पावती निघंना झालीय. मुदत संपली म्हणून येतंय. मी तर विकत घेतलेलं हाय ना?”

मी काही बोलायच्या आत भागीदार आपल्या टेबलावरून म्हणाला, “करार वाचला होतात का आपण?”

“कसला करार?”

“अपडेट घेताना ‘मान्य’वर क्लिक केलंत, तो.”

“अहो, त्याबिगर पुढंच जात नव्हतं.”

“म्हणजे वाचायला सवड होती.”

मी त्या गृहस्थांना माझ्या शेजारी बसवलं आणि जुनं, बिनकुलपाचं व्हर्जन सीडीवर उतरवायला घेतलं. भागीदार येऊन माझ्या मागे उभा राहिला.

“हे कंपनीचं नुकसान आहे.”

“त्यांची वस्तू त्यांना परत देतेय.”

तो अगदी शांतपणे म्हणाला, “तुम्हा लोकांना सगळं फुकटच लागतं.”

आमचं घर बौद्ध. हे त्याला कॉलेजपासून ठाऊक होतं. आमच्याकडे तो कितीदा तरी जेवला होता, माझ्या वडिलांच्या पाया पडला होता. इतक्या वर्षांत असं कधी बोलला नव्हता. म्हणजे माझ्यासमोर बोलला नव्हता. वाघोलीचे गृहस्थ खाली मान घालून बसले. त्यांनाही कळलं होतं.

मी सीडी पूर्ण केली, त्यांच्या हातात दिली, ती कशी बसवायची ते समजावून सांगितलं. ते गेल्यावर भागीदाराला म्हटलं, “मी निघते. कागदपत्रं वकिलाकडून पाठव.”

“मी धंद्याबद्दल बोलत होतो,” तो म्हणाला.

“मीही.”

त्याची कंपनी वाढली. पुढे मोठमोठ्या परदेशी कंपन्यांनीही तीच वाट धरली. आज मी ज्यात कोड लिहिते ते सॉफ्टवेअरसुद्धा भाड्याचंच आहे, आणि दर वर्षी पैसे भरताना माझं डोकं फिरतं.

मध्यंतरी तो मंडईत भेटला. मी गवार निवडत होते.

“बघ, शेवटी सगळं जग तिकडेच गेलं,” तो म्हणाला. “तू उगाच तोडलंस.”

त्या दिवशी आपण काय बोललो होतो हे तो खरोखरच विसरला होता, किंवा तसं दाखवत होता. मला त्यात फरक करावासा वाटला नाही. भाजीवालीला म्हटलं, “मावशी, ही जून आहे, दुसरी द्या,” आणि त्याच्याकडे पाठ केली. तो निघून गेला.