माझ्या आईचे वाटेकरी

माझी आई परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती. लोक कौतुकाने विचारायचे, "काय गं, तुझ्या आईला म्हणे दहा भाषा येतात?" डोंबल! प्रत्येक भाषेतलं तिला एवढंच यायचं: जेवलास का, अजून घे, आणि गप्प बस. पण तेवढ्यावर ती पोरं तिच्यावर जीव टाकायची आणि इकडे माझा जळफळाट व्हायचा.

मी लहानपणी तापाने फणफणले तरी ही बाई पहाटे कामावर. शेजारच्या काकू माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवायच्या. आणि तिकडे कुठला तरी समुद्रापलीकडचा लंबू नुसता शिंकला, की ही त्याच्या उशाशी हजर! वर त्याच्या आईला फोन. एकीचं दुसरीला ओ की ठो कळायचं नाही, तरी दोघींच्या गप्पा रंगायच्या. हे सगळं ती मला घरी येऊन हसत हसत सांगायची, म्हणजे बघा.

तिथल्या जेवणघरात तिने एक शिस्त लावली होती. नव्याने आलेल्या एका मुलीच्या बोलण्याला पोरं हसली, तेव्हा आईने पळी आपटली. तिचा शब्द आधी सगळ्यांनी नीट म्हणून दाखवा, मगच वाढेन, म्हणाली. तेव्हापासून तिथे तसंच चालायचं. कुणी आपल्या भाषेत काही बोललं, की सगळ्यांनी ते मोठ्याने, जमेल तसं, मागून म्हणायचं.

यंदा आई निवृत्त झाली. मला सातवा महिना. ती माझ्याकडेच येणार असं मी धरून चालले होते, तर अधीक्षकबाईंनी तिला आणखी दोन वर्षं थांबायची गळ घातली. "निरोपाच्या दिवशी सांगते," आई त्यांना म्हणाली. मला एका शब्दाने विचारलं नाही. मग मीही कशाला बोलतेय? नुसते टोमणे मारले. "जा बाई तू, तुझी लेकरं उपाशी मरतील."

निरोपाला गेले आणि मुद्दाम मागच्या बाकावर बसले. एकेक जण उठून आपापल्या भाषेत आईशी बोलत होता आणि अख्खं जेवणघर ते मागून म्हणत होतं. कुणाची भाषा घशातली, कुणाची नाकातली, कुणाची गाणं म्हटल्यासारखी. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण प्रत्येकाने तिला 'आई' म्हटलेलं बरोबर कळत होतं. शेवटी एक चष्मेवाली तिच्या गळ्यात पडली. आईने तिच्या कपाळावरचे केस हळूच मागे सारले आणि माझं डोकंच फिरलं.

पोट सावरत मी उठले आणि किंचाळले, "ही माझी आई आहे!"

सगळे माझ्याकडे वळले. आणि मग साठ गळ्यांनी, वाकड्यातिकड्या उच्चारात, अगदी मनापासून म्हटलं, "ही माझी आई आहे!"

अगं आई गं! कुठे तोंड लपवू असं झालं मला. आई मात्र हसत हसत माझ्यापाशी आली.

"मग चल म्हण की," ती हळूच म्हणाली. "नुसती घालूनपाडून काय बोलतेस? महिनाभर वाट बघतेय मी."

"चल ना गं," मी म्हणाले. "मला तू हवी आहेस."

तिने अधीक्षकबाईंना तिथल्या तिथे नकार दिला. गाडीत बसेपर्यंत पोरांनी तिला सोडलं नाही. गाडी फाटकाबाहेर पडली आणि ती मागच्या काचेकडे तोंड करून ढसाढसा रडायला लागली. माझा हात हातात धरला होता, पण बघत होती ती मागेच. जिंकले होते मी. आई माझ्या घरी चालली होती. आणि माझ्या मनात काय यावं? माझ्या लग्नातसुद्धा ही बाई इतकी रडली नव्हती.