चालू कॉम्प्युटरमधली चिप
उघड्या कॉम्प्युटरमधून तापलेल्या धुळीचा वास आला, की मला इंदापूर आठवतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बारामतीत आमचा कॉम्प्युटर शिकवायचा क्लास होता आणि त्यात कॉम्प्युटर एकच होता. आमचं लग्न नवं होतं. एका दुपारी ह्यांनी फ्लॉपीवरून बायोस, म्हणजे कॉम्प्युटरला जागं करणारा प्रोग्राम, नवा भरायला घेतला आणि मध्येच लाइट गेली. त्यानंतर स्क्रीन काळाच राहिला. पोरांची परीक्षा तर तोंडावर आलेली. अगदी तसाच कॉम्प्युटर इंदापूरच्या एका क्लासवाल्यांकडं होता, म्हणून बायोसची चिप कापसात गुंडाळून आम्ही एसटीनं तिकडं गेलो. त्यांचा कॉम्प्युटर त्यांच्याच चिपवर जागा करायचा, मग तो चालू असतानाच ती चिप उपसायची, तिथं आमची बसवायची आणि प्रोग्राम पुन्हा भरायचा, एवढाच उपाय होता. "तुमचाबी बंद पडंल," हे अडखळत म्हणाले. "पडू द्या की! मग दोगं मिळून दुरुस्त करू," ते गृहस्थ हसले. पण ह्यांनी चिमटा माझ्यापुढं धरला. "तू काढ. तुझा हात स्थिर हाय," हे मला म्हणाले. मी श्वास रोखून चिमट्यानं त्यांची चिप काढली आणि आमची बसवली. प्रोग्राम पूर्ण भरला, तेव्हा ह्यांनी तिथं जमलेल्या सगळ्यांदेखत माझा हात धरला. दुसऱ्याच दिवशी ह्यांनी पेंटरला बोलावून क्लासच्या पाटीवर स्वतःच्या नावाआधी माझं नाव लिहून घेतलं. क्लास बंद होऊन आता वर्षं लोटली, पण ती पाटी मी अजून भंगारात जाऊ दिलेली नाही.